‘असू दे’ म्हणायला शिकलेलं कुत्रं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चिकू साडेपाच महिन्यांची. दोन महिन्यांची असताना घरी आली. लसीचे सगळे डोस होईपर्यंत बाहेर काढू नका असं सांगितलं गेलं, म्हणून चार महिने पूर्ण होईपर्यंत ती सातव्या मजल्यावरच्या घरातच वाढली. आता खाली नेलं की रस्त्याच्या आवाजाने जमिनीला चिकटते, लिफ्टमध्ये कुणी शिरलं की भुंकते, आणि परवा तर शेजारच्या काकांच्या पँटला तोंड घातलं. घरात हात चावते, बाहेर पट्टा ओढते. इमारतीत तक्रारी सुरू झाल्या आहेत. एकाने सांगितलं पेपरची गुंडाळी करून एक फटका द्या, दुसऱ्याने सांगितलं रोज गर्दीत न्या म्हणजे आपोआप सवय होईल. यातलं काय करायचं?

दोन्ही नको. आणि पुढचे दहा दिवस गर्दीच्या वेळची लिफ्टही नको. सकाळची शाळा-ऑफिसची आणि संध्याकाळची परतण्याची वेळ टाळून तिला खाली न्या. लिफ्टमध्ये आधीच कुणी असेल तर ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणा आणि दार बंद होऊ द्या. सध्या काय होतंय बघा: चिकू भुंकते, दोन मजल्यांनंतर माणूस उतरून जातो. तो त्याच्या घरी गेला हे तुम्हाला कळतं. चिकूच्या हिशेबात तो तिच्या भुंकण्यामुळे गेला. दिवसातून चार वेळा ती हा धडा गिरवतेय आणि दर वेळी तिला पैकीच्या पैकी मार्क मिळताहेत. आधी ही शिकवणी बंद करू, मग आपली सुरू करू.

गेली अठरा वर्षं मी लोकांच्या घरी जाऊन हेच काम करतोय, आणि तुमच्यासारखी हकीकत इतक्यांदा ऐकली आहे की पुढचं वाक्य मी आधीच सांगू शकतो: ‘घरात तर ती इतकी गुणी आहे हो!’ असणारच. घर तिच्या ओळखीचं आहे. नेमकं ज्या वयात जगाची ओळख व्हायची, त्या वयात तिचं जग म्हणजे तुमच्या खोल्या आणि बाल्कनी, एवढंच होतं.

पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंतचा काळ असा असतो की समोर येईल ते ते ‘जगात असतंच’ या खात्यात जमा करतं. त्यानंतर हिशेब उलटा होतो, नवीन दिसेल ते आधी संशयित. डॅनियल फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये या विषयावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंच कुंपणाच्या मोकळ्या जागेत वाढवलेल्या पिल्लांपैकी काहींना वेगवेगळ्या वयात एकेक आठवडा माणसांचा सहवास दिला, काहींना चौदा आठवड्यांपर्यंत अजिबात दिला नाही. ती शेवटची पिल्लं नंतर माणसाला बुजतच राहिली. चिकूची गत इतकी वाईट नाही, माणसं तिने पाहिली आहेत. पण कोणती? तुम्ही तिघं आणि कामाला येणाऱ्या मावशी. हेल्मेट घातलेला, छत्री धरलेला, काठी टेकत चालणारा, पाठीवर मोठी पिशवी घेतलेला माणूस तिच्या लेखी वेगळाच प्राणी आहे.

डोस होईपर्यंत बाहेर काढू नका म्हणणाऱ्यांची भीती खोटी नव्हती. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात काही आठवडे टिकते आणि तीच लसीला काम करू देत नाही. कोणत्या पिल्लात ती कधी ओसरेल हे सांगता येत नाही, म्हणून दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने डोस देत सोळा आठवड्यांच्या पुढे जावं लागतं. तोवर पार्व्होची, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या एका जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची, धास्ती असते, आणि पार्व्होने गेलेलं पिल्लू ज्याने पाहिलंय तो ती धास्ती विसरत नाही. मात्र ‘जमिनीवर सोडू नका’ आणि ‘बाहेरचं जग दाखवूच नका’ यांत फरक आहे, आणि सांगताना तो बहुतेकदा गाळला जातो. अमेरिकन व्हेटरिनरी सोसायटी ऑफ अ‍ॅनिमल बिहेवियर या संस्थेने २००८ मध्येच स्पष्ट म्हटलं होतं की पहिला डोस आणि पहिलं जंतांचं औषध झाल्यावर, किमान सात दिवसांनी, सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाला स्वच्छ जागेतल्या पिल्लांच्या वर्गात नेता येतं. ते न जमलं तरी कडेवर घेऊन रस्त्याच्या कडेला दहा मिनिटं उभं राहता येतं, गाडीच्या काचेतून बाजार दाखवता येतो. हे वाचणाऱ्या ज्यांच्याकडे आत्ता नऊ आठवड्यांचं पिल्लू आहे, त्यांनी आज संध्याकाळीच डॉक्टरांना विचारून ते कडेवर घ्यावं. तुमच्यापुरतं सांगायचं तर उतारावरचं काम आता चढावरचं झालंय. होतं, पण दमादमाने.

आता मुद्द्याचं. ‘सोशलायझेशन’ या शब्दाने पुष्कळ घोळ घातलाय. लोकांना वाटतं कुत्र्याला दहा माणसांनी थोपटलं, पाच कुत्र्यांशी नाक लावलं, की झालं. मग पिल्लाला पार्कात नेऊन प्रत्येकासमोर धरलं जातं. त्यातून दोनच प्रकारची कुत्री तयार होतात. एक, जी माणूस दिसला की पट्टा तोडून अंगावर उड्या मारतात. दुसरी, जी माणूस दिसला की ‘आता हा हात लावणार’ म्हणून आधीच दात दाखवतात. आपल्याला तिसरं कुत्रं हवंय. शहरात सुखाने राहणारं कुत्रं म्हणजे ज्याला स्कूटर, कुकरची शिट्टी, धावणारं पोर, समोरून येणारं दुसरं कुत्रं हे सगळं दिसतं, ऐकू येतं, आणि जे मनातल्या मनात ‘असू दे’ म्हणून पुढे चालतं. मी तरी हे शिकवण्याला सरावणं म्हणतो. भेटीगाठी त्यात अगदी शेवटी येतात, आणि नाही आल्या तरी काही बिघडत नाही.

सरावायचं कसं, तर अंतराच्या हिशेबाने. याचा एक नमुना मला फार आवडतो, आणि तो कुत्र्याचा नाहीच. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या, सशाला घाबरणाऱ्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची भीती घालवली. पीटर आवडीचं खात असायचा आणि ससा पिंजऱ्यातून खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला आणला जायचा. पोरगं खात राहील इतक्याच अंतरावर. मग हळूहळू जवळ. शेवटी मुलगा सशाला स्वतःहून कुरवाळू लागला. भित्र्या कुत्र्यांसाठी आजही आम्ही करतो ते मुळात हेच. यात ससा मुलाच्या मांडीवर आणून टाकला असता तर काय झालं असतं? ‘रोज गर्दीत न्या’ हा सल्ला म्हणजे तेच. गर्दीत नेलेलं कुत्रं काही दिवसांनी गप्प होतं, आणि लोक म्हणतात सवय झाली. बरेचदा ते फक्त हबकलेलं असतं, आणि एक दिवस ते गप्पपण एखाद्याच्या पोटरीवर निघतं.

चिकूसाठी याचा अर्थ असा. एक बाकडं किंवा पायरी शोधा जिथून रस्ता दिसतो पण बराच लांब आहे, चाळीस-पन्नास पावलं तरी. सोबत उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे. तिचं रोजचं खाणं नको, ते घरी फुकट मिळतं. बसा, आणि काहीही सांगू नका. ती रस्त्याकडे बघेल. कान पुढे, मान ताठ, तोंड बंद. दोन-तीन सेकंदांनी कान थोडे सैल पडतील आणि ती नजर काढून तुमच्याकडे किंवा जमिनीकडे वळेल. त्या वळण्याच्या क्षणी तोंडाने एकच ठरलेला शब्द, मी ‘हां’ म्हणतो, आणि तुकडा. पुन्हा गप्प. स्कूटर गेली, तिने बघितलं, नजर काढली, ‘हां’, तुकडा. सात-आठ मिनिटं झाली की उठायचं, तिला अजून बसायचं असलं तरी.

तिला किती जवळ नेलं तर चालेल हे मला विचारू नका, तिलाच विचारा. तिचं उत्तर तोंडात असतं. शांतपणे ओठांनी तुकडा उचलतेय, तर अंतर बरोबर. बोटं चावेल असा हिसकावून घेतेय, तर जरा जास्तच जवळ आलात. चिकन नाकासमोर धरूनही तोंड उघडत नाही, तर केव्हाचेच फार जवळ आहात. उठा आणि लांब व्हा. त्या क्षणी तिला कितीही समजावा, तिच्यापर्यंत काही पोचत नाही. आज चाळीस पावलांवर जमलं म्हणून उद्या तीसवर जमेलच असंही नाही. रात्री आवाजांनी झोप झाली नसेल, सकाळी डॉक्टरांकडे जाऊन आली असेल, तर त्या दिवशी साठवर बसा. भीतीच्या गोष्टी एकावर एक साठत जातात आणि साध्या सायकलच्या घंटीवर फुटतात. मग आपण म्हणतो, काही कारण नसताना भुंकली.

आवाजांचं काम घरीही होतं. रहदारीचा, भोंग्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज तिचं जेवण चालू असताना अगदी बारीक लावा, इतका की तुम्हालाच कान द्यावा लागेल. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० पर्यंत. तुमच्या कानाला ‘शांत’ असलेला जिना तिच्यासाठी शांत असेलच असं नाही. रोज कणभर वाढवा. जेवता जेवता मान वर केली तर कालच्या पातळीवर परत या.

हे करताना तिचं अंग वाचायला शिका. लोक शेपूट बघतात आणि हलली की खूश होतात. शेपूट हलणं म्हणजे ती उत्तेजित झालेली आहे, एवढंच. आनंदाने की भीतीने ते बाकीचं अंग सांगतं. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये मोजमाप करून दाखवलं होतं की मालक दिसला की शेपूट उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी, वरचढ कुत्रं दिसलं की डावीकडे. रस्त्यात उभं राहून हे बघत बसू नका, फक्त हलणाऱ्या शेपटीवर विसंबून कुणाच्या पोराला ‘लाव हात, काही करत नाही’ म्हणू नका. त्यापेक्षा हे बघा: खायला काही नसताना जीभ नाकावरून फिरवणं, झोप नसताना जांभई, मान वळवून डोळ्यांच्या कडेने बघणं ज्यात डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो, एक पंजा उचलून थिजणं. हे सगळं ‘मला जरा जागा द्या’ आहे. ते कुणी ऐकलं नाही तर ती गुरगुरते. तेही ऐकलं नाही तर दात.

गुरगुरण्यासाठी कधीही रागावू नका. हे मी प्रत्येक घरी तीन वेळा सांगतो आणि तरी चौथ्या वेळी कुणीतरी ‘ए, गप्प!’ म्हणून पट्ट्याला झटका देतं. गुरगुरणं ही तिची घंटा आहे. मारून घंटा बंद करता येते, आत काय पेटलंय ते तसंच राहतं. न गुरगुरता थेट चावणारी जी कुत्री माझ्याकडे येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांची घंटा लहानपणी कुणीतरी अशीच काढून घेतलेली असते.

पेपरच्या गुंडाळीचं त्यातच आलं. शिवाय ‘तिला कळलं पाहिजे घरात वरचढ कोण’ हा जो युक्तिवाद असतो, तो बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणावरून आलाय; रुडॉल्फ शेंकेल यांचं हे काम १९४७ चं. रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं. डेव्हिड मेक यांनी वर्षानुवर्षं रानातले लांडगे बघून १९९९ मध्ये हे मांडलं, आणि आपल्याच जुन्या पुस्तकातली ‘अल्फा’ची, म्हणजे कळपातल्या वरचढाची, भाषा सोडून दिली. आणि हो, ‘तिला कळतं हो आपण चुकलो ते, कशी मान खाली घालते’ हेही. २००९ मध्ये अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी तपासलं, तर ते ‘अपराधी’ तोंड कुत्र्याने चूक केली की नाही यावर अवलंबून नव्हतं, मालक रागावला की नाही यावर होतं. काहीच न केलेली कुत्रीही रागावल्यावर तस्संच तोंड करत होती. फाटलेली चप्पल दाखवून रागावलात तर तिला एवढंच कळतं की चप्पल हातात घेतलेले तुम्ही भयंकर दिसता.

लिफ्ट. इथे घाई करू नका, कारण लिफ्ट ही कुत्र्याच्या दृष्टीने शहरातली सगळ्यात वाईट जागा आहे. चार भिंती, पळायला वाट नाही, जमीन हलते, आणि मध्येच भिंत उघडून दोन फुटांवर एक माणूस थेट तोंडासमोर उभा. पट्टा तर लागलेलाच. ज्याला पळता येत नाही तो भुंकतो.

पहिले दोन-तीन दिवस लिफ्टमध्ये शिकवायला शिरायचंच नाही. तुमच्या मजल्यावर दुपारच्या सामसुमीत उभे राहा, दार उघडलं की तुकडा, बंद झालं की काही नाही. पाच वेळा, घरी परत. मग आत पाऊल, तुकडा, बाहेर. मग एक मजला खाली आणि वर. तोपर्यंत रोजच्या फिरण्यासाठी लिफ्ट वापरावी लागेलच, ती रिकामी बघून वापरा; सात मजले जिने रोज चढवू-उतरवू नका, वाढत्या हाडांना ते बरं नाही.

आत उभं राहायची एक पद्धत आहे. तिला मागच्या कोपऱ्यात घ्या आणि तुम्ही तिच्या आणि दाराच्या मध्ये, थोडे आडवे. पट्ट्याला मध्ये झोळ पडला पाहिजे. ताणून धरलेला पट्टा तिला ‘काहीतरी होणार आहे’ असं आधीच सांगतो. तीन-चार तुकडे कोपऱ्यात जमिनीवर टाका. खाली मान घालून हुंगणारं कुत्रं एकाच वेळी दाराकडे रोखून बघू शकत नाही, आणि हुंगण्याने ती निवळतेही. तुमचा मजला आला तरी लगेच निघू नका. दार पूर्ण उघडू द्या, बाहेर कुणी नाही ना बघा, मग निघा. भुंकण्याचे स्फोट बहुतेक या दार उघडण्याच्या क्षणीच होतात.

माणूस आत येण्याचा सराव ओळखीच्या माणसाला सांगून करायचा. क्रम महत्त्वाचा आहे आणि इथे शंभरातले नव्वद जण चुकतात (आकडा माझ्या वैतागातून आलाय, मोजलेला नाही). लोक माणूस येताना दिसला की घाईघाईने आधी खिशात हात घालतात आणि ‘हे बघ, चिकू, हे बघ’ करून तुकडा दाखवतात. चार दिवसांत कुत्रं शिकतं की पिशवी कुरकुरली म्हणजे संकट येणार, आणि मग ते चिकनलाच घाबरतं. आधी माणूस, मग चिकन. माणूस गेला, चिकन बंद. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांच्या तोंडाला घंटेने पाणी सुटलं ते खाण्याच्या आधी घंटा वाजायची म्हणून. आपल्याला शिरणारा माणूस हीच घंटा करायची आहे. एक दिवस असा येईल की दार उघडून माणूस आत येईल आणि चिकू त्याच्याकडे एकदा बघून तुमच्या खिशाकडे बघेल. त्या दिवशी मला जरूर कळवा.

बाकीचं भराभर सांगतो.

हात चावणं. या वयात दात पडून नवे येतात, ४ ते ६-७ महिन्यांच्या दरम्यान. हिरड्या शिवशिवतात, चावू द्याच, पण चावायच्या वस्तू. ओला फडका पीळ देऊन फ्रीजरमध्ये ठेवा आणि तो द्या, तुमच्यासमोरच. हाताला दात लागला की हात ओढू नका, ओढलेला हात म्हणजे पळणारी शिकार. हात सैल सोडा, उठा, पाठ फिरवा, दहा सेकंद. आणि संध्याकाळी सातच्या सुमारास अंगात भूत शिरल्यासारखी घरभर धावत चावत सुटत असेल, तर ती बहुधा झोपेला आली आहे. इतक्या लहान पिल्लाला दिवसाचे सोळा-अठरा तास झोप लागते, आणि पाहुणे, टीव्ही, पोरं यांत ती होत नाही. आधी झोपवा, मग शिस्त लावा.

पट्टा ओढणं. गळपट्टा काढून छातीवरून जाणारा, खांदे मोकळे ठेवणारा हार्नेस घ्या. आपोआप लांब-आखूड होणारी दोरी शहरात नको, कुत्रं गाडीखाली जायला एक क्षण पुरतो. पट्टा ताणला की तुम्ही झाड व्हा. सैल झाला की चाला. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत विजेच्या तीन खांबांपर्यंतही पोचणार नाही, लोक बघतील, बघू द्या. पण तिला हुंगू द्या. फिरणं हा तुमचा व्यायाम आहे, तिचं ते वर्तमानपत्र आहे. हातातून कुणी पेपर ओढला तर तुम्हीही ओढालच.

शब्द. तुम्ही ‘बस’ म्हणता, मुलगा ‘सिट’ म्हणतो, आजी ‘बैस गं बाई’ म्हणतात, आणि तिघांची तक्रार की ऐकत नाही. भाषा कुठलीही चालते, पण घरात एकच. ‘बस’ या शब्दाची मराठी घरात वेगळीच गंमत आहे. दिवसभर ‘बस झालं आता’, ‘बस की जरा’, ‘बस चुकली’ चालू असतं. कुत्र्यासाठी तो शब्द पंख्याच्या आवाजासारखा होऊन जातो. ‘ये’चं तसंच, ‘ये, काय खातेस?’ म्हणून आपण तिच्या अंगावर धावतो आणि बोलावल्यावर ती आली नाही की चिडतो. बोलवायला वेगळा शब्द ठेवा, जो घरात दुसऱ्या कशासाठी वापरला जात नाही, आणि त्या शब्दावर ती आली की नेहमी चांगलंच घडू द्या. नखं कापायला त्या शब्दाने बोलावू नका, जाऊन उचलून आणा. आणि घरात बसते म्हणून रस्त्यावर बसेल असं धरू नका. स्वयंपाकघरातलं बसणं आणि फुटपाथवरचं बसणं तिच्यासाठी दोन वेगळे विषय आहेत, दुसऱ्याचा अभ्यास पहिलीपासून करावा लागतो.

इमारतीतली मुलं. चिकूला हात लावू देणं हा तुमचा मोठेपणा नाही आणि न देणं हा कमीपणा नाही. हवंच असेल तर मुलाने बाजूला उभं राहायचं, हात मांडीजवळ, ती स्वतः आली तर छातीला किंवा मानेच्या बाजूला तीन सेकंद खाजवायचं आणि हात काढायचा. ती परत पुढे झाली तर आणखी तीन सेकंद. तोंड फिरवलं तर खेळ संपला. डोक्यावरून हात नाही, मिठी नाही, जेवताना आणि झोपेत तर मुळीच नाही.

साधारण आठव्या महिन्यात तुम्हाला वाटेल की सगळं मुसळ केरात गेलं. शिकलेलं विसरेल, हाक ऐकून न ऐकल्यासारखं करेल. हे वयात येणं आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात आठ महिन्यांची कुत्री पाच महिन्यांच्या मानाने आपल्या माणसाचं कमी ऐकत होती, परक्याचं मात्र तितकं नाकारत नव्हती. घरात कुणी तेरा-चौदा वर्षांचं असेल तर वेगळं सांगायला नको. त्या काळात अंतरं वाढवा, पट्टा लांब पण हातात ठेवा, शिक्षा वाढवू नका. नेमक्या याच महिन्यांत सर्वाधिक लोक मला फोन करून ‘हिला कुठे देता येईल का’ विचारतात.

काही गोष्टींत मात्र लिहून दिलेल्या उत्तरावर राहू नका. सहा आठवडे नीट करूनही भीती तसूभर हलली नाही, किंवा नेहमीचं शांत कुत्रं एकाएकी हात लावला की गुरगुरू लागलं, तर आधी पशुवैद्याकडे. कान, दात, सांधे दुखत असले तरी कुत्रं असंच वागतं. आणि दात लागून कातडी फुटली, कुणाचीही, तर ती जागा ताबडतोब साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि माणसाच्या डॉक्टरकडे जायचं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की उपाय जवळपास उरत नाही, त्यामुळे ‘आपलीच आहे, डोस झालाय’ म्हणून हे टाळू नका.

आता शेजारचे काका. त्यांच्या पँटला तोंड घातलंय, तक्रारीत पुढे तेच असणार. तरी लिफ्टच्या सरावासाठी मी त्यांनाच विचारेन. आधी चिकूला न घेता त्यांच्याकडे जा, झाल्याबद्दल माफी मागा, आणि तुम्ही काय करताय ते सांगा. चिडलेल्या माणसाला काम दिलं की तो निम्मा आपल्या बाजूला येतो, असा माझा अनुभव आहे. त्यांनी तिच्याशी बोलायचं नाही, तिच्याकडे बघायचं नाही, खाऊ द्यायचा नाही. नेमकं तेच, जे त्यांना आत्ता करायची इच्छा आहे. ते तयार झाले तर पहिल्या दिवशी लिफ्टमध्ये बोलावू नका. तुम्ही दोघी पॅसेजच्या एका टोकाला, आणि ते दुसऱ्या टोकाला पाठमोरे, मोबाइल बघत उभे. पाच मिनिटं. मग त्यांनी आपल्या दारातून आत जायचं आणि तुम्ही तुमच्या.